घरची नव्हे, कामावरची

“कामगार किती?” योगेंद्रनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता त्या रकान्यात शून्य टाकून तो पुढे सरकलासुद्धा.

“थांब,” पौर्णिमा म्हणाली. “काय लिवलं तू तिथं?”

“शून्य. सगळेच शून्य टाकते ना ताई.”

“माह्याकडं दोन बाया राहणार आहे. दोन लिव.”

योगेंद्रनं खुर्ची तिच्याकडे वळवली. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या त्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रात त्यानं शेकड्यानं दुकानांचे फॉर्म भरले होते. किराणा, सलून, पिठाची गिरणी, मोबाइल दुरुस्ती. “ताई, पाहा. दोन लिवलं का त्यायची हजेरी ठेवा, सुट्टी द्या, कामाचं पत्र द्या. कायले गळ्यात बांधून घेता? उद्या काई झालं तं शून्यवाल्याले कोनी विचारत नाई. दोनवाल्याले विचारते.”

“म्हणूनच दोन लिव.”

त्यानं दोन लिहिलं. पावती छापून देताना तो पुटपुटला, “तुमी जानो.”

पौर्णिमा तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. त्याआधीची अकरा वर्षं तिनं पुंडलिकरावांच्या मसाल्याच्या कारखान्यात काढली होती. सुरुवातीला पुड्या भरायची. मग चाळणीवर गेली, मग मशीनवर, आणि शेवटची चार वर्षं तर सगळा कारखानाच तिच्या नजरेखाली चालायचा. दळताना हळद तापायला लागली की वासावरून तिला कळायचं, मशीन किती वेळ बंद ठेवायचं ते. पुंडलिकराव काही वाईट माणूस नव्हता. दिवाळीला प्रत्येकीला लुगडं द्यायचा. पौर्णिमाच्या मुलीला, रोशनीला, डेंग्यू झाला तेव्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायला त्यानं स्वतःची गाडी पाठवली होती. येता-जाता म्हणायचा, “तू तं घरचीच आहे व पौर्णिमा.”

हा शब्द तिला अकरा वर्षं आवडत आला होता.

मग तिनं स्वतःचं हळद-मिरची दळायचं युनिट टाकायचं ठरवलं. कर्जासाठी बँकेनं अनुभवाचा दाखला मागितला. ती पुंडलिकरावांकडे गेली. तो हसला. “घरच्या मानसाले कोनी सर्टिफिकेट देते का?” तिला वाटलं, चेष्टा करून राह्यला. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा तो घाईत होता. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मुनीमजींनीच तिला बाजूला घेऊन सांगितलं की कारखान्याच्या रजिस्टरात चार नावं आहेत. पुंडलिकरावांची बायको, दोन मुलं आणि एक पुतण्या. मशीनवर, चाळणीवर, पॅकिंगला मिळून पौर्णिमा धरून पंधरा बाया होत्या. त्यांच्यापैकी एकीचंही नाव कुठंच नव्हतं.

पौर्णिमानं त्या दिवशी अर्ध्या दुपारी ॲप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि चपला घातल्या. “कुठं चालली?” कोकिळानं विचारलं. कोकिळा तिथली सगळ्यात जुनी बाई. “माह्या घरी,” पौर्णिमा म्हणाली. “खऱ्याच.”

बँकेचं जमलं नाही, बचत गटातून कर्ज मिळालं. त्याच रस्त्यावर, पुंडलिकरावांच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, टिनाचा एक गाळा भाड्यानं मिळाला. नवऱ्यानं, अश्विननं, महिनाभर ऑटो बाजूला ठेवून कागदांसाठी तिच्याबरोबर चकरा मारल्या. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, थ्री फेजचं मीटर, अन्न विभागाची नोंदणी, पाण्याची तपासणी. कामाला येणाऱ्या बायांची डॉक्टरी तपासणीही लागत होती. त्यातली एक होती कांता, चाळिशीची, अंगानं दणकट, विळा-कोयत्याला न भिणारी. पण रक्ताची सुई पाहून ती दवाखान्याच्या दारातून दोनदा परत फिरली. दुसरी रीता. नुकतीच बारावी झालेली, बोलायला तिखट. तिनंच कांताचा हात धरून ठेवला.

गाळा सुरू झाला त्या दिवशी पौर्णिमानं दोघींना कामाचं पत्र दिलं. काम काय, वेळ काय, पगार काय, सोमवारी सुट्टी, आणि कामावर इजा झाली तर जबाबदारी मालकिणीची. शेवटची ओळ तिनं स्वतः घातली होती. रीतानं पत्र वाचून घडी करून पर्समध्ये टाकलं. कांताला वाचता येत नव्हतं. तिच्या नवऱ्यानं, नत्थूजीनं, ते तीनदा वाचलं आणि बाजारात जाऊन प्लास्टिकमध्ये पक्कं करून आणलं.

त्या दिवशी गाळ्यात पौर्णिमाची आई कमलाही आली होती. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं पाहत होती. कमलाच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच शिल्लक होतं. पौर्णिमा बारा वर्षांची असताना कापसाच्या एका जिनिंगमध्ये कमलाची बोटं रोलरमध्ये गेली होती. तेव्हा बारकी पौर्णिमा आईच्या पदराला धरून मालकाच्या ऑफिसात गेली होती, आणि मुनीमानं भलं मोठं रजिस्टर त्या दोघींच्या समोर उघडून दाखवलं होतं. “पाह्य बाई, यात तुह्यं नाव आहे का? नाई ना? मंग तू इथं कामाले होती हे कोन म्हनते?” कमलाला वाचता येत नव्हतं. पौर्णिमाला येत होतं. तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट ठेवून पाहिलं होतं.

गाळा चालला. वायगावची हळद ती थेट शेतकऱ्यांकडून घ्यायची, समोर दळून द्यायची, आणि रंग खोटा नसल्यानं लोक दुसऱ्यांदा यायचे. पाच महिन्यांत वर्ध्यातली सात-आठ दुकानं तिचा माल ठेवू लागली.

लग्नसराईत गडबड वाढली. मोटरचा पट्टा घसरायला लागला होता. तो ताणायचा तर त्याच्यावरची लोखंडी जाळी काढावी लागायची. एका सोमवारी, बाया सुट्टीवर असताना, पौर्णिमानं जाळी काढली, पट्टा ताणला, आणि जाळी परत बसवायला गेली तर दोन बोल्टांचे आटे गेलेले. उद्या नवे आणू म्हणून तिनं जाळी भिंतीला टेकवून ठेवली. मंगळवारी दोन पोती मिरची आली. बुधवारी लाइट चार तास गेली, मागचं काम राहिलं. गुरुवारी अकराच्या सुमारास कांता मशीनखाली सांडलेली हळद झाडूनं ओढत होती. झाडू पट्ट्यात अडकला आणि त्याच्यामागे तिचा हात गेला.

रीतानं बटण दाबलं. पौर्णिमा चाळणीवरून धावत आली तेव्हा मशीन थांबलेलं होतं आणि कांता जमिनीवर बसून स्वतःच्या हाताकडे पाहत होती. ओरडली नव्हती. पिवळ्याधमक हातावर रक्त. पौर्णिमानं ओढणी काढून हात गुंडाळला. अश्विनचा ऑटो दहा मिनिटांत आला. पूर्ण रस्ताभर कांता एकच म्हणत होती, “गेलं का व ताई? सांगा ना, गेलं का?”

उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मधलं आणि अनामिका.

दवाखान्यात कांताला आत घेतलं. नत्थूजी शेतातून तसाच आला, पायाला माती. टेबलापाशी बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईनं कागद पुढे ओढला. “इजा कुठे झाली? कशी झाली?”

नत्थूजीनं पौर्णिमाकडे पाहिलं. अश्विननंही पाहिलं. नत्थूजीच आधी बोलला. “घरी झालं मॅडम. घरी. चाऱ्याच्या मशीनमध्ये.”

पौर्णिमाला क्षणभर कळलंच नाही की तो काय म्हणाला. मग लक्षात आलं. तो तिला वाचवत होता. त्याच्या बायकोची दोन बोटं गेली होती आणि तो हिला वाचवत होता, कारण त्याला वाटत होतं की गाळा बंद झाला तर बोटांमागोमाग कामही जाईल.

“घरी नाई,” पौर्णिमा म्हणाली. “माह्या गाळ्यात झालं. कामावर. हळद दळायच्या मशीनच्या पट्ट्यात.”

“पौर्णिमा,” अश्विन हळूच म्हणाला.

“लिवा मॅडम. मी मालकीण आहे. पौर्णिमा अश्विन पाटील. थ्या माह्या कामगार आहे.”

डॉक्टरीणबाईनं लिहिलं. म्हणाली, “पोलिसांना कळवावं लागेल. तुमचा जबाब घेतील.”

“घेऊ द्या.”

बाहेर आल्यावर अश्विन भडकला. तो सहसा भडकत नसे. “तुले काई समजते का? थो बिचारा स्वतःहून सांगून राह्यलता! आपन त्याईचं सगळं केलंच असतं. दवाखाना, घर, सगळं. कागदावर कायले आनलं?”

“कागदावर नसलं तं उद्या आपलं मन फिरलं का संपलं सगळं. मंग कांता कोनाले काय दाखवन?”

“आपलं मन फिरन असं तुले वाटते?”

“पुंडलिकरावालेई वाटत नसंन,” पौर्णिमा म्हणाली.

घरी कमला ओट्यावर बसली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. तिनं लेकीला पाणीही विचारलं नाही.

“तू नाव दिलं म्हनते?”

“हो माय.”

“कायले दिलं?” कमलाचा आवाज चढला. “चाऱ्याच्या मशीनमध्ये झालं म्हनत होता ना तिचा नवरा? मंग? तुह्यं दुकान बंद होईन. पोलीस येईन, साहेब येईन. आपन कोनतं मोठ्या घरचे आहो? मोठ्यायचं निभून जाते. आपल्याले चिरडून टाकते. आपल्या जातीच्या बाईनं दुकान टाकलं, मोडलं, एवढंच म्हनन लोक. जा, सांग का चुकून बोलली.”

पौर्णिमा आईकडे पाहतच राहिली. जगातल्या दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं. पण कमला! तिनं खाली बसून आईचा उजवा हात हातात घेतला. कमलानं तो ओढून घ्यायचा प्रयत्न केला.

“माय, थ्या जिनिंगच्या मुनीमाच्या घरीई कोनी बसली असंन ना? माय, नाई तं बायको. तिनंई असंच सांगतलं असंन का दुकान जाईन, पोरंबाळं उघडी पडन, नाव नोको घेऊ. अन् त्यानं तिचं ऐकलं.”

“मले नोको शिकवू.”

“शिकवत नाई. पन मी त्या टेबलाच्या त्या बाजूले जाऊन नाई बसणार माय. दुकान जाते तं जाऊ दे. मी पुन्हा पुड्या भरीन. पन रजिस्टर उघडून कोनाले म्हननार नाई का तुह्यं नाव दाखव.”

कमलानं हात ओढून घ्यायचं थांबवलं. मग उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली.

तिसऱ्या दिवशी कांता बोलली. तोवर पौर्णिमा रोज जाऊन खाटेशेजारी बसायची आणि कांता भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. त्या दिवशी ती वळली.

“ताई, जाळी तुमी काढली व.”

“हो.”

“सोमवारी काढली. मंगळवारी मी तुमाले म्हटलं होतं का जाळी लावा.”

“म्हटलं होतं. मी नाई लावली.”

कांतानं डोळे मिटले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज कोरडाच होता. “मंग माफी-गिफी नोका मांगू. मले काय भेटन थे सांगा.”

“जे कायद्यानं आहे थे. त्याच्यासाठी मी कामगार ऑफिसात जातो. अन् तू घरी आहे तोवर पगार. अन् काम. हे मी लिवून देतो.”

“लिवा,” कांता म्हणाली.

पोलीस जबाब घेऊन गेले होते, गाळा बंद होता. पौर्णिमा तिथं एकटी बसून मशीन पुसत होती, तेव्हा पुंडलिकराव आला. बाहेर स्कूटर लावून, चपला काढून आत आला. पाच महिन्यांत तो पहिल्यांदाच आत येत होता. त्यानं दारावरची पाटी वाचली. कामाची वेळ, सुट्टीचा वार, कामगारांची संख्या. तोंडातल्या तोंडात हसला.

“लय वाईट झालं व,” तो म्हणाला. ते त्याला खरंच वाटत होतं. “कशी आहे कांता?”

“बरी आहे.”

“हे पाह्य, मी नत्थूजीसंग बोलतो. चार मानसं बसू, आपसात मिटवून टाकू. मीई हातभार लावतो. पन थे कामगार ऑफिसात जायचं म्हनते तू, थे नोको करू. थ्या साहेबाले या रस्त्याचा पत्ता काऊन द्यायचा? तुह्या गाळ्यावरून तो माह्याकडं येईन, माह्याकडून थ्या फरसाणवाल्याकडं जाईन. सगळ्यायचं वाटोळं.”

“तुमच्याकडं आला तं काय होईन शेठजी? तुमच्या रजिस्टरात तं सगळे घरचेच आहे.”

पुंडलिकरावाचा चेहरा बदलला. “मी तुले काय कमी केलं? तुह्या पोरीसाठी गाडी पाठवली होती, विसरली का?”

“नाई विसरली. मरेपर्यंत विसरणार नाई.” पौर्णिमा उभी राहिली. “पन शेठजी, गाडी तुमी मनानं पाठवली. मनात नसतं तं नसती पाठवली, अन् मी काईच म्हनू शकली नसती. मले मनावरचं नोको होतं. अकरा वर्षं मी तुमच्याकडं होती, असा एका ओळीचा कागद पाह्यजे होता. थो नाई देल्ला तुमी.”

“त्याचा राग काढून राह्यली का?”

“राग आहेच. पन त्याच्यासाठी नाई जात मी. कांतासाठी जातो.”

जाताना तो दारात थांबला. “शहरात दुकानं माह्या ओळखीची आहे बाई. ध्यानात ठेव.”

“ठेवतो,” पौर्णिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामगार कार्यालयात गेली. अश्विन बरोबर होता. रुसलेला, पण होता. तिथल्या साहेबांनी तिचं कौतुक वगैरे काही केलं नाही. पावती पाहिली, हजेरी पाहिली, पत्राची प्रत पाहिली. मग विचारलं, “पट्ट्याला जाळी का नव्हती?”

“मी काढली होती.”

“का बसवली नाही?”

“चूक झाली साहेब.”

“विमा?”

“नाई काढला. दोन बायायसाठी कायले, असं वाटलं.”

साहेबांनी चष्मा काढला आणि तिला चांगलं फैलावर घेतलं. नाव लिहिलं म्हणजे जबाबदारी संपत नाही, सुरू होते. पत्रात ओळ घालणं सोपं आहे, दोन बोल्ट आणणं अवघड जातं का? पौर्णिमा मान खाली न घालता ऐकत राहिली. प्रत्येक शब्द खरा होता. जाळी बसल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, असं लेखी मिळालं. भरपाई किती, कुठं जमा करायची, तेही लेखी मिळालं. तिला नवं मोठं मशीन घ्यायचं होतं. ते राहिलं. बचत गटाच्या बायांनी नाकं मुरडत पुन्हा एकदा हात दिला, आणि भरपाई कांताच्या नावानं जमा झाली.

जाळी नवी करून घेतली. यावेळी अशी की ती काढली तर मोटरच सुरू होत नाही. ती कल्पना रीताची. विमाही काढला. पंधरवड्यानं गाळा सुरू झाला, पण पुंडलिकराव बोलला ते त्यानं केलं होतं. पहिल्या आठवड्यात तीन दुकानांनी माल नको म्हणून सांगितलं. एकानं तर “तुमच्या हळदीत रक्त आहे म्हनते लोक” असंही ऐकवलं. पौर्णिमानं त्याच्याशी वाद घातला नाही. रविवारी पहाटे रीताला घेऊन ती आष्टीच्या बाजूला निघाली, गावोगावच्या आठवडी बाजारांत हातगाडीवर हळद मांडून बसली आणि गिऱ्हाइकांच्या समोर पुडी फोडून वास द्यायला लागली. ज्यानं वास घेतला तो पुडी घेऊनच जायचा. कमलाही एकदा हट्टानं बरोबर आली. पदरानं हात न झाकता तिनं दिवसभर हळद तोलली.

कांता दोन महिन्यांनी कामावर आली. मशीनपाशी जायला तिनं नकार दिला. पौर्णिमानं तिला पुड्यांच्या तोंडाला सील मारायच्या कामावर घेतलं. पहिले काही दिवस पुड्या वाकड्या व्हायच्या. कांता चिडून त्या फेकायची आणि पौर्णिमा गपचूप उचलायची. त्या दोघींत पहिल्यासारखं हसणं-खिदळणं राहिलं नव्हतं. कदाचित पुन्हा येणारही नव्हतं.

एका संध्याकाळी काम सुटायच्या वेळेला कोकिळा आली. पदराआडून घडी केलेला कोरा कागद काढला.

“पौर्णिमा, मले एक अर्ज लिवून दे.”

“कायचा? इथं येते का कामाले? सध्या जागा—”

“तुह्याकडं कोन येते!” कोकिळा फणकारली. “मले तिथंच राह्यचं आहे. सतरा वर्षं झाली मले त्या मशीनवर. पन नावानं राह्यचं आहे. कांताले भेटलं तसं मले कायच्या भरवशावर भेटन? लिव. मी अन् आनखी आठजनी सही करतो.”

पौर्णिमानं पेन घेतलं, मग थांबली. “कोकिळाबाई, काढून टाकन तो.”

“चौदातल्या नऊजनी काढल्या तं दळन कोन? त्याची बायको?”

अर्ज लिहिला गेला. सोमवारी सकाळी नऊ बायांनी तो पुंडलिकरावांच्या टेबलावर ठेवला आणि उत्तर मिळेपर्यंत मशीनला हात लावणार नाही म्हणून फाटकाबाहेर निंबाखाली जाऊन बसल्या. डबे सोबत आणले होते.

दुपारी पुंडलिकराव तावातावानं पौर्णिमाच्या घरी आला. तिचा सुट्टीचा दिवस होता. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

“तू भरवलं त्यायले!”

“मी अर्ज लिवून देल्ला. मांगला म्हणून.”

“चाल माह्यासंग. सांग त्यायले अंदर जाले. तुह्यं ऐकते थ्या.”

“मी कायले सांगू? थ्या माह्या कामावर नाई.”

“माह्याकडच्या बाया आहे थ्या!” पुंडलिकराव ओरडला. “सतरा-सतरा वर्षं माह्याकडं काम करून राह्यल्या, अन् आज मले फाटकाबाहेर बसून दाखवते!”

पौर्णिमानं हातातली ओली चादर दोरीवर टाकली. “हेच शेठजी,” ती म्हणाली. “आता बोलले ना, एवढंच. हेच त्यायले लिवून पाह्यजे.”

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या कमलानं मान वर केली आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, “मी आयकलं. साक्ष लागली तं मी येतो.”

तो निघून गेला.

बाया तीन दिवस बसल्या. चौथ्या दिवशी मुनीमजींनी नवं रजिस्टर आणलं आणि एकेकीला आत बोलावलं. आठजणींनी सह्या, अंगठे केले. नववी कोकिळा. तिनं शेजारी उभ्या असलेल्या बाईकडून ओळ वाचून घेतली. कामावर लागल्याची तारीख, आजची.

“हे काय?” कोकिळानं विचारलं. “माह्यी सतरा वर्षं कुठं गेली?”

“अगं, नाव आलं ना! आता कायची कटकट?” मुनीमजी म्हणाले.

“मी आज नाई लागली. माह्या लहान्या पोराच्या बारशाच्या महिन्यात लागली. त्याले विचारा, थो आता कॉलेजात आहे.”

तिनं सही केली नाही. काम मात्र सोडलं नाही. रोज वेळेवर यायची, दिवसभर मिरची दळायची, आणि सुटताना टेबलासमोर उभी राहून विचारायची, “तारीख बदलली का?” मुनीमजी नकारार्थी मान हलवायचे. ती चपला घालून निघायची. पहिल्या आठवड्यात आधी सह्या केलेल्या दोघी तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मग आणखी चौघी. सगळ्या मिळून एकाच वेळी तेच विचारायला लागल्या, तेव्हा फाटकाबाहेरून जाणाऱ्यालाही ऐकू यायचं.

अकराव्या दिवशी पुंडलिकरावांनी स्वतः रजिस्टर ओढलं. वर्षं आठवत आठवत, चुकलं की बायांकडून दुरुस्त करून घेत, एकेक तारीख त्यांनी नव्यानं लिहिली. कोकिळानं पेन घेतलं. सही करायला तिला चांगली दोन मिनिटं लागली. तिला घाई नव्हती, आणि मागं उभ्या असलेल्यांपैकी कोणी घाई केलीही नाही.